महिन्याचा किराणा आटोक्यात आणायचाय? सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करा

तीन वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. जुन्या स्वयंपाकघरातलं कपाट रिकामं करायला मी आणि सासूबाई फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. एकेक डबा, एकेक पुडी बाहेर येत गेली. मोहरीच्या चार पुड्या निघाल्या, चारही फोडलेल्या. रव्याला जाळी लागलेली, मसुरात भुंगा, तिळाला खवट वास. साबुदाणा आषाढीचाही होता आणि महाशिवरात्रीचाही. सासूबाई मूळच्या माणदेशातल्या. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर आणि मदत म्हणून वाटलेल्या सुकडीवर दिवस काढलेल्या. त्यांनी रव्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि डबा बाजूला ठेवून दिला. बोलल्या काहीच नाहीत. मला ते फार लागलं.

रात्री बसून टाकून दिलेल्या सामानाची किंमत काढली, ती दोन हजारांच्या वर गेली. तोपर्यंत मी बिल वाढलं की महागाईला बोल लावायचे आणि स्वस्त दुकान शोधायचे. दुकानं बदलून फार तर शे-दोनशे रुपये सुटायचे. खरी गळती घरातच होती.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. तेव्हा किराणा, भाजी, दूध, फळं मिळून महिन्याला साडेसतरा हजार जायचे. आज भाव वाढलेत, तरी तेरा-साडेतेरा हजारांत भागतं. तूप, फळं, मुलांचा खाऊ यात काहीही कमी केलेलं नाही. नवीन बिऱ्हाड मांडलेल्यांसाठी आणि घरखर्च पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी मी हे सगळं क्रमानं लिहितेय, कारण मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं आणि शिकण्यात माझं वर्ष गेलं.

आधी काय जमवायचं

• दोनशे पानी वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण ओट्याजवळ टांगलेली वही घरातलं प्रत्येक जण भरतं, मोबाइल एकाच्याच हातात असतो.
• स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.
• कागदी चिकटपट्टी आणि जाड मार्कर.
• गेल्या तीन महिन्यांची बिलं. ती नसतील तर यूपीआयचे व्यवहार आणि बँकेचं स्टेटमेंट.
• रेशन कार्ड असेल तर ते. त्याविषयी पुढे सांगते.

घट्ट झाकणाचे नवे डबे इतक्यात आणू नका. किती आणि केवढे लागणार हे दोन महिन्यांनी कळतं.

१. पहिले दोन आठवडे काही बदलू नका, फक्त लिहा आणि मोजा

जसं चालू आहे तसंच चालू द्या. फक्त दोन गोष्टी करा. आलेली प्रत्येक वस्तू किमतीसह वहीत लिहा, अगदी कोपऱ्यावरून आणलेला पावाची लादीसुद्धा. आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी एक जुनं पातेलं ठेवा. साली, देठं, चहाचा चोथा नेहमीच्या डब्यात; जे खाता आलं असतं ते पातेल्यात. रात्री त्याचं वजन करा आणि काय होतं ते लिहा.

आमच्या पातेल्याचं पहिल्या आठवड्याचं वजन २ किलो ७०० ग्रॅम भरलं. कोथिंबिरीची काळी पडलेली अख्खी जुडी, पालक, दोन वेळचा भात, आंबलेलं दही, मुलांच्या डब्यातून परत आलेल्या पोळ्या, मऊ पडलेली काकडी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे. त्यात साली-देठंही धरलेली आहेत. तरी पाच माणसांच्या घरात तो आकडा आठवड्याला पाच किलोंच्या वर जातो. मी हे वाचलं तेव्हा पटलं नव्हतं. पातेलं भरल्यावर पटलं.

दोन आठवड्यांनी खर्चाच्या नोंदी चार गटांत मांडा: धान्य-डाळी-तेल-मसाले, भाजी-फळं, दूध-अंडी-मांसमच्छी, आणि तयार-पाकीटबंद खाणं. चौथ्या गटाकडे नीट बघा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरातल्या कुटुंबाचा जवळजवळ ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो असं दिसलं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा पेयं आणि तयार पदार्थांचा, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के. गहू, तांदूळ, ज्वारी सगळं मिळून ४ टक्केही नाही. आपण तांदळाच्या किलोमागे दोन रुपये वाचवायला तीन दुकानं हिंडतो आणि बिस्किटं, चिप्स, सॉस, थंड पेयं न बघता टोपलीत टाकतो. आमच्या वहीतही अगदी हेच निघालं.

इथे बहुतेक जण घसरतात. लिहायला लागलं की लाज वाटते, म्हणून त्याच आठवड्यात कमी आणलं जातं. मग खरा आकडा कधीच कळत नाही.

२. कपाट आणि फ्रीज एकदा पूर्ण रिकामे करा

रविवारी सकाळी करा, तीन तास लागतात. सगळं खाली काढा. सारख्या वस्तू एकत्र करा, कीड लागलेलं वेगळं करा. नुसता भुंगा असलेली डाळ चाळून, उन्हात घालून, धुऊन वापरता येते. जाळी धरलेला रवा, मैदा, पीठ मात्र टाकून द्या. खवट शेंगदाणे आणि तीळसुद्धा. त्यांची चटणी करून काही उपयोग नाही, तेही वाया आणि तेलही वाया.

जे चांगलं आहे त्याची वहीत यादी करा आणि पुढचे दहा-बारा दिवस त्यातूनच स्वयंपाक करा. या काळात फक्त दूध, भाजी आणि अगदीच अडलं तर तेल-मीठ आणायचं. आमच्याकडे तेव्हा राजगिऱ्याचं पीठ, वालाच्या डाळिंब्या, अर्धा किलो पोहे आणि तीन प्रकारची कडधान्यं निघाली. मुलांना डाळिंब्यांची उसळ पहिल्यांदा मिळाली ती तेव्हाच.

३. आपल्या घराचं माप काढा

सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. दुसऱ्याच्या घराची यादी कामाला येत नाही. मी सुरुवातीला मैत्रिणीची यादी जशीच्या तशी घेतली. तिच्याकडे दोन्ही वेळा भात, आमच्याकडे पोळी-भाकरी जास्त. महिन्याच्या शेवटी आमच्याकडे सहा किलो तांदूळ उरला आणि कणीक विसाव्या दिवशी संपली.

पद्धत सोपी आहे. नवा डबा किंवा पिशवी फोडली की चिकटपट्टीवर तारीख लिहून लावा. संपली की ती पट्टी काढून वहीत चिकटवा आणि संपल्याची तारीख लिहा. दोन महिन्यांत प्रत्येक वस्तूचा वेग कळतो.

आमची मापं उदाहरणादाखल देते. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३२ ते ३४ पोळ्या होतात. आमच्याकडे दिवसाला डब्यांसकट वीसेक पोळ्या लागतात, म्हणजे महिन्याला १८ ते १९ किलो गहू. पोळीबरोबर भात असेल तर माणशी एका वेळेला ५० ते ६० ग्रॅम तांदूळ पुरतात, नुसता वरण-भात असेल तर दुप्पट लागतात. वरणाला पाच जणांत १३० ग्रॅम डाळ, आमटी असेल तर त्याहून कमी. तेल आधी महिन्याला पाच लिटर जायचं, आता साडेतीन. कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद केलं आणि ओट्यावर छोटी बरणी व पळी ठेवली, बाकी काही केलं नाही.

वजनकाट्यावर एकदा आपली रोजची वाटी मोजून घ्या. सासूबाई मुठीनं घालतात. त्यांची मूठ मी एका दुपारी काट्यावर पाच वेळा ठेवायला लावली, तर पाचही वेळा ४० च्या मागेपुढे दोन-तीन ग्रॅम. माझी मूठ एकदा ३५, एकदा ५५. तेव्हापासून मी वाटीनंच घालते. तुमचा हात बसलेला नसेल तर तुम्हीही तेच करा.

सकाळी कणीक मळण्याआधी ‘आज कोण किती?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा. ऑफिसात कुणाची मेजवानी असते, शाळेत अर्धा दिवस असतो, कुणाची चतुर्थी असते. हा एक प्रश्न विचारला नाही म्हणूनच रोजच्या चार पोळ्या उरत होत्या.

४. आठवड्याचा बेत, पण भाजीच्या आयुष्याप्रमाणे

वारानुसार पक्के पदार्थ ठरवलेले तक्ते माझ्याकडे कधी दहा दिवसांच्या वर टिकले नाहीत. पाहुणे येतात, कंटाळा येतो, कुणाचं पोट बिघडतं. म्हणून पदार्थ ठरवू नका, क्रम ठरवा. रविवारी भाजी आणली तर:

रविवार-सोमवार पालेभाज्या: मेथी, पालक, शेपू, चाकवत.
मंगळवार-बुधवार भेंडी, वांगी, गवार, दोडका.
गुरुवार-शुक्रवार फ्लॉवर, कोबी, दुधी, गाजर, लाल भोपळा.
शनिवार मोडाचं कडधान्य, पिठलं, नाहीतर झुणका. भाजी संपली असली तरी अडत नाही.

मधला एक दिवस रिकामा ठेवा. आमच्याकडे तो बुधवार रात्र. त्या रात्री फ्रीजमध्ये जे उरलं असेल त्याचंच जेवण.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितोच. तिथेच एकादशी, चतुर्थी, बाहेर जेवायचे दिवस, गावी जायच्या तारखा यांच्यावर महिन्याच्या सुरुवातीला खूण करा. गावी जायच्या आदल्या दिवशी भाजी भरून ठेवणं ही चूक आमच्याकडे दोनदा झाली आहे. उपासाचं सामानही मोजून आणा. पाच जणांच्या खिचडीला अर्धा किलो साबुदाणा भरपूर होतो.

५. तीन याद्या: वर्षाची, महिन्याची, आठवड्याची

एकच लांबलचक यादी केली की सगळं एकाच दुकानातून आणि एकाच वेळी येतं. म्हणून तीन करा.

वर्षाची यादी म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, हळद, तिखट. उन्हाळ्यात नवा गहू आणि नवी डाळ बाजारात असते, ऊन कडक असतं, त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धान्य भरायची रीत आहे. मिरचीही तेव्हाच घेतात: रंगाला ब्याडगी, तिखटपणाला लवंगी किंवा संकेश्वरी. आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून गहू आणि तांदूळ आणतो. पोतं घेण्याआधी किलोभर नमुना आणा आणि घरी शिजवून बघा. इंद्रायणी नवा असेल तर भात चिकट होतो. काहींना तसाच आवडतो, पण सबंध पोतं घेतल्यावर नको. आणि टेम्पोचं भाडं, हमाली धरूनच भाव काढा.

धान्य दोन दिवस कडक उन्हात घाला, पूर्ण निवल्यावर डब्यात भरा. गरम भरलं तर आत वाफ धरते आणि कीड लवकर लागते. तूरडाळीला आणि तांदळाला एरंडेलाचा हलका हात लावा, गव्हात वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. बाजारात मिळणाऱ्या पाऱ्याच्या गोळ्या मी वापरत नाही, घरात लहान मुलं असतील तर तुम्हीही वापरू नका.

नवीन संसार असेल तर पहिल्या वर्षी वर्षाचं धान्य भरू नका, असं मी कळकळीनं सांगेन. माप माहीत नाही, वाळवायला गच्ची नाही, ठाणे-मुंबई-कोकणासारखी दमट हवा असेल तर पावसाळ्यात पोतं हातचं जातं. तीन महिन्यांचं भरा. वीस टक्के स्वस्त घेतलेलं धान्य चौथाई टाकून दिलं तर ते महागच पडलं.

महिन्याच्या यादीत बाकी डाळी, तेल, साखर, गूळ, चहा, पोहे, शेंगदाणे, मसाले. रवा, बेसन, दलिया लवकर खराब होतात, तेव्हा अर्धा-अर्धा किलोच आणा. रवा आल्या दिवशी कोरडाच भाजून ठेवला की टिकतो आणि उपीट, शिरा करायला वेळही कमी लागतो.

आठवड्याच्या यादीत भाजी, फळं, अंडी. ही यादी लिहिताना फ्रीज उघडा ठेवून लिहा. हंगाम धरून चाला. डिसेंबर ते फेब्रुवारी मटार स्वस्त असतो. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात काढा, फडक्यावर कोरडे करा आणि पिशव्यांत भरून फ्रीझरला टाका. एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो, पावसाळी हंगामातला लाल कांदा टिकत नाही, तो दोन-तीन किलोच्या वर घेऊ नका. आणि एखादी वस्तू भडकली की तिच्यावाचून स्वयंपाक कसा करायचा हे ठरवून ठेवा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या पार गेला तेव्हा आमच्या आमटीत महिनाभर चिंच-गूळ आणि आमसूल होतं. चव सासूबाईंच्या लहानपणची होती, कुणी तक्रार केली नाही.

६. दुकानात डोळे कुठे ठेवायचे

पाकिटाच्या किमतीपेक्षा किलोचा किंवा ग्रॅमचा दर बघा. हल्ली पाकिटावर तो एमआरपीजवळ बारीक अक्षरात छापलेला असतो. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असं नाही. तेलाच्या बाबतीत तर जपाच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. तेवढीच दिसणारी पिशवी ८५० ग्रॅमची किंवा त्याहूनही हलकी असू शकते. दहा रुपये स्वस्त म्हणून उचलली आणि घरी येऊन वजन केलं तर ती महाग निघते.

पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर, डाळीवर, पिठावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. ओळखीचा, चोख माल ठेवणारा वाणी असेल तर डाळी सुट्याच घ्या. हातात घेऊन बघता येतात आणि हव्या तेवढ्याच घेता येतात.

तारखांचा गोंधळ अनेकांचा होतो. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. नीट ठेवलेले कोरडे मसाले, डाळ त्यानंतरही बघून, वास घेऊन वापरता येतात. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ मात्र पाळायचीच, दूध-दही-पनीर-मांसाच्या बाबतीत तर डोळे झाकून.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपचा आमच्या खर्चात मोठा हात होता. कोथिंबीर हवी असते, पण घरपोच आणायचे पैसे वाचवायला दोनशेची ऑर्डर पूर्ण करतो आणि त्यात चॉकलेट, चिप्स, नको असलेलं सॉस येतं. आता आमचा नियम असा: वस्तू आधी वहीत लिहायची, मग एक रात्र जाऊ द्यायची. सकाळपर्यंत निम्म्या वस्तूंची गरज उरलेली नसते.

‘एकावर एक’ फक्त साबण, दंतमंजन, भांड्याची पावडर अशा न नासणाऱ्या वस्तूंवर घ्या. आणि सामान घरी आलं की दोन-तीन वस्तू काट्यावर ठेवाच. एकदा एका दुकानातून आणलेली दोन किलो साखर मला १ किलो ८६० ग्रॅम भरली. काटा आणि बिल घेऊन गेले, त्यांनी बदलून दिली. नाही दिली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, त्यासाठी बिल हवं. म्हणून बिल मागायला संकोचू नका.

७. भाजी घरी आल्यावरचा अर्धा तास

पिशवी तशीच फ्रीजमध्ये ढकलू नका. आमची आठवड्याची सगळ्यात मोठी बचत या अर्ध्या तासात होते.

कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडा, पिवळी आणि चिघळलेली पानं काढा, मुळं कापा. धुऊ नका. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, वरून घट्ट झाकण. फडकं ओलं लागलं की बदला. अशी जुडी आमच्याकडे आठ-दहा दिवस हिरवी राहते. मी पूर्वी धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे, ती तिसऱ्या दिवशी काळी पडायची.

मेथी, पालक निवडून, न धुता, कागदात. हिरव्या मिरच्यांची देठं काढून कोरड्या डब्यात. लिंबं झाकणाच्या बरणीत, नाहीतर कातडं वाळून दगड होतात. आलं ओलसर असेल तर पुसून तासभर वाऱ्यावर ठेवा. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर, पूर्ण पिकल्यावरच आत. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधारात, कांदे जाळीत किंवा हवेशीर टोपलीत. केळी बाकीच्या फळांपासून लांब, नाहीतर तीही भराभर पिकतात.

फ्रीजमधला डोळ्यांसमोरचा एक खण ‘आधी हे संपवा’ असा ठेवा. अर्धा कापलेला कांदा, वाटीभर उसळ, कालचं ताक, सगळं तिथेच. खण रिकामा झाल्याशिवाय मागचं काही काढायचं नाही. आमच्या धाकटीनं त्यावर स्वतः चिठ्ठी लिहून चिकटवली आहे.

८. उरलेल्याचं काय

आपल्याकडे यासाठी पदार्थांची मोठी परंपरा आहे, ती फक्त आठवायची. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा तूप-गुळाचा मलिदा. उरलेलं वरण, वाटीभर भाजी थालीपिठाच्या भाजणीत मळली की वेगळं मोहन लागत नाही. आंबट ताकाची कढी, जास्त झालेल्या दह्याची धिरडी. दुधावर येणारी साय रोज एका डब्यात जमवा, विरजण लावा, आठवड्याला लोणी काढा. आमच्याकडे रोजच्या दीड लिटर दुधाचं आठवड्याला पाव किलोच्या आसपास तूप निघतं, तूप विकत आणणं बंद झालं.

टाकाऊ समजतो त्यातलंही बरंच खाण्याचं असतं. दोडक्याच्या शिरा तेलावर खरपूस परतून तीळ, सुकं खोबरं आणि लसणीबरोबर कुटा, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. दुधीच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याची परतून भाजी, कोथिंबिरीचे देठ वाटणात, फ्लॉवरचे कोवळे देठ रश्शात.

पण काही बाबतींत तडजोड नको. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. निववून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून फोडणी द्या. भातात होणारे काही जंतू असं विष तयार करतात की पुन्हा गरम केल्यानंही ते जात नाही. बुरशी आलेल्या पावाचा वरचा तुकडा काढून उरलेला खाऊ नका. बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात. हिरवे पडलेले बटाटेही टाकाच. दवाखान्याचं एक बिल महिन्याची बचत नेतं.

आणखी एक. उरलेलं शिळं कामाला येणाऱ्या ताईंच्या हातात देऊन आपण वाया घालवलं नाही, असं समजू नका. द्यायचं असेल तर ताजं असताना, विचारून, आपण स्वतः खाऊ असंच द्या.

९. रेशनचा हक्क असेल तर घ्या

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय (सगळ्यात गरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं योजना चालू ठेवली आहे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार आहे. गावचं कार्ड असेल आणि तुम्ही कामासाठी शहरात आला असाल तरी इथल्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येतं. घरातल्या सगळ्यांचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं माहेरच्या कार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवायची राहून जातात, ती आधी चढवा.

१०. महिनाअखेरीचा हिशेब

शेवटच्या रविवारी वही उघडा. तीनच आकडे लिहा: एकूण खर्च, पातेल्यातलं वजन, आणि यादीत नसताना आलेल्या वस्तूंची रक्कम. आमचं पातेलं आता आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आत असतं, त्यात मुख्यतः मुलांच्या डब्यातली पोळी. ते शून्य व्हावं म्हणून मुलांच्या मागे लागत नाही.

पहिल्या महिन्याचा आकडा बघून हुरळू नका. कपाटातलं जुनं संपवल्यामुळे तो एकदम खाली येतो, मग दुसऱ्या महिन्यात सगळे डबे भरायची वेळ येते आणि आकडा पुन्हा चढतो. इथेच बरेच जण वही बंद करतात. तीन महिन्यांची सरासरी काढा. दिवाळीचा महिना आणि उन्हाळ्यात धान्य भरतो तो महिना वेगळ्या पानावर ठेवा, वर्षाच्या धान्याची रक्कम बारानं भागून प्रत्येक महिन्यात धरा. गणपतीत पाहुणे असतात, तेव्हा माणसं आणि दिवस वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच पान उघडून नारळ, गूळ, तांदळाची पिठी किती आणायची ते बघायचं. आमच्याकडे यंदा दीड दिवसाच्या गणपतीला अकरा माणसांसाठी पाऊण किलो पिठी पुरली, एक वाटी उरली, तिच्या दुसऱ्या दिवशी घावनं केली.